मिस्सा किती आणि डोंगर किती?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एप्रिलमध्ये चर्चच्या मुलांच्या डोंगर-शिबिराचे फॉर्म वाटले की रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे मुख्य उपासनेनंतर, चर्चच्या आवारात कोणीतरी गाठतंच. "तीन दिवसांत मिस्सा किती, रोझरी किती? नुसते डोंगरच चढवायचे तर त्याला चर्च कशाला हवं?" विचारणारे परके नसतात. आपल्याच वसईतले, आपल्याच धर्मग्रामातले, पोटच्या पोरांना आमच्या हवाली करणारे असतात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर पुढच्या एप्रिलपर्यंत टिकत नाही, म्हणून एकदा नीट सांगतो.

आधी हिशोब. रोज एक मिस्सा, संध्याकाळी एक रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झोपण्याआधी पंधरा मिनिटं मौन. संत इग्नेशियस यांनी घालून दिलेल्या रीतीने त्यात दिवस मागे वळून पाहायचा: कशाबद्दल आभार, कुठे चुकलो, उद्या काय. सगळं मिळून दीड तास. बाकी वेळ चालणं, पाणी भरणं, भांडी घासणं. तेव्हा तुमचा संशय खरा आहे, डोंगर जास्त आणि मिस्सा कमी.

पण त्या बाकीच्या वेळात काय चालतं ते कोणी विचारत नाही. चाळीस मुलं म्हणजे आठ-आठांचे पाच गट. सगळ्यांत पुढे एक मोठा, सगळ्यांत मागे एक मोठा, आणि मागच्याच्या मागे कोणीही नाही. दर थांब्याला गटातली मुलं एक ते आठ आकडे म्हणतात, आठ ऐकू आल्याशिवाय गट हलत नाही. चुकतं कुठे, तर विश्रांतीत. पुढचे पोहोचतात, बसतात, पाणी पितात, चेष्टामस्करी करतात. शेवटचा धापा टाकत पोहोचतो तोवर पुढचे पाठपिशवी उचलून उभे. ज्याला विश्रांती सगळ्यांत जास्त हवी त्यालाच ती कधी मिळत नाही. म्हणून आमच्याकडे विश्रांतीची दहा मिनिटं शेवटचं मूल खाली बसल्यावर सुरू होतात. 'शेवटले ते पहिले होतील' यावर प्रवचन करायला आम्हालाही येतं. आम्ही घड्याळ लावतो.

आणि हे आमच्या डोक्यातून निघालेलं खूळही नाही. कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडमध्ये धर्मगुरूंना तरुणांचे गट चालवायला बंदी होती, तेव्हा कॅरोल वोयतीवा नावाचे फादर साध्या कपड्यांत विद्यार्थ्यांना घेऊन नद्यांवर कयाक, म्हणजे छोट्या निमुळत्या होड्या, वल्हवायला जायचे. संशय येऊ नये म्हणून मुलं त्यांना 'वुयेक', म्हणजे काका, म्हणायची. पालथा घातलेला कयाक ही वेदी आणि दोन वल्ही बांधून केलेला क्रूस. १९५८ साली बिशपपदी नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हाही ते अशाच सहलीवर होते. वॉर्साला जाऊन आले आणि पुन्हा मुलांत परतले. पुढे तेच पोप जॉन पॉल दुसरे झाले. त्याच देशात फादर फ्रांचिशेक ब्लाखनित्स्की यांनी १९५४ मध्ये वेदीसेवक मुलांसाठी पहिलं 'ओएसिस' शिबिर घेतलं. त्या परंपरेतली शिबिरं पंधरा दिवसांची असतात आणि प्रत्येक दिवस रोझरीच्या एका रहस्याला, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगाला, वाहिलेला असतो. आम्हाला तीन दिवस मिळतात. तेही दहावीचे क्लास सुरू व्हायच्या आत.

इतकं बोलून झालं की मी गप्प बसायला हवा. पण ज्या मुलामुळे आमचं वेळापत्रक बदललं त्याच्याबद्दल आवारात आम्ही कोणी बोलत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हे उत्तर अर्धंच राहील.

काही वर्षांपूर्वीचं शिबिर, दुसरा दिवस, तुंगारेश्वरच्या रांगेतला डोंगर. कागदावर लिहिलं होतं: साडेपाचला मिस्सा, साडेसहाला नाश्ता, सातला प्रस्थान. उघड्यावरची मिस्सा कागदाप्रमाणे होत नाही. वाऱ्याने वेदीवरचं कापड उडायला लागलं, चार कोपऱ्यांना दगड ठेवले, मेणबत्त्या टिकेनात म्हणून टेबल भिंतीच्या आडोशाला नेलं. प्रवचन पंचवीस मिनिटं चाललं आणि ते फार सुंदर झालं. निघायला पावणेआठ वाजले. मे महिन्यात तिथल्या झाडांना धड सावली नसते, साग ओकेबोके उभे असतात. त्यात समुद्र जवळ, हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही.

उतरताना, बाराच्या सुमारास, एका तेरा वर्षांच्या मुलाने करवंदं तोडणं थांबवलं. सकाळपासून खिसे भरभरून तोडत होता. मागच्या मोठ्या मुलाने तेवढंच पाहिलं. त्याला दगडावर बसवून विचारलं, "तुझा गट कुठला?" त्याने शाळेतला हजेरीक्रमांक सांगितला. परत विचारलं, परत तोच आकडा.

उन्हाने दमलेलं मूल थकतं, त्याला मळमळतं, पायात गोळे येतात, पण ते बरोबर उत्तर देतं. त्याला सावलीत आडवं करून, पाय थोडे उंच ठेवून, घोट घोट साखर-मीठ-पाणी दिलं की बहुतेकदा ते अर्ध्या तासात सावरतं. प्रमाण एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. उत्तर चुकलं की गोष्ट वेगळी. तो उष्माघात समजायचा आणि आधी अंग गार करायचं, मग हलवायचं. शुद्ध धड नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. शर्ट काढून मान, काखा, जांघा, छाती भिजवायची आणि वारा घालत राहायचं. आमच्या मोठ्या बाटल्यांतलं पाणी संपत आलं होतं, मग मुलांनी आपापल्या बाटल्या आणून ओतल्या. वारा घालायला रोझरीच्या पुस्तिका होत्या. सव्वातासाने त्याने गटाचं नाव बरोबर सांगितलं. मग दोन बांबूंत चादर बांधून त्याला खाली आणला आणि दवाखान्यात सलाईन लावलं. दोन दिवसांनी तो घरी गेला.

दवाखान्यात त्याची आजी आली. सत्तरी ओलांडलेली. खाटेशी बसून म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला. मिस्सेच्या आधी पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही."

आजी चुकली नव्हती, आपल्या लहानपणीचा नियम सांगत होती. १९५३ पर्यंत कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, घेणाऱ्याला मध्यरात्रीपासून अन्न सोडाच, पाणीही वर्ज्य होतं. त्या वर्षी पोप पायस बारावे यांनी पाण्याची मोकळीक दिली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आणला, १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी तो एक तासावर आणला. आजच्या कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या नियमसंहितेचं, ९१९ वं कलम सांगतं की कम्युनियनआधी एक तास खायचं-प्यायचं नाही. पण पाणी आणि औषध याला अपवाद, आजाऱ्याला तर तासाचंही बंधन नाही. हे आम्हाला पाठ होतं. मुलांना सांगायचं कोणाच्या मनात आलं नाही. तो मुलगा रात्री नऊपासून कोरडा होता, मिस्सेनंतर अर्धा कप चहा घेऊन डोंगर चढला, आणि त्याने नियम मोडला नाही म्हणून तो आडवा झाला.

तुम्ही विचारता मिस्सा किती. त्या दिवशी मिस्सा भरपूर होती.

तेव्हाचे आम्ही असं मानत होतो की डोंगर हे आमिष, त्याच्या ओढीने मुलं येतात आणि मग त्यांना प्रवचन ऐकवता येतं. आता मला ते पटत नाही. बाटलीतलं शेवटचं पाणी दुसऱ्याच्या छातीवर ओतणाऱ्या मुलाला त्या दिवशी जे कळलं ते पंचवीस मिनिटांत सांगता आलं नसतं. पण लगेच मनात येतं की, त्यासाठी एका मुलाने बेशुद्धीच्या काठावर जावं, हे कसलं धर्मशिक्षण? आणि प्रवचन खरोखर सुंदर होतं. काही मुलांना ते अजून आठवतं.

आता चढाईच्या दिवशी पाच वाजता प्रत्येकाने आमच्यासमोर दोन पेले पाणी प्यायचं, एक केळं खायचं. साडेपाचला निघायचं आणि दहाच्या आत खाली. माणशी तीन लिटर पाणी, शिवाय गटामागे दोन लिटर कोणी हात न लावण्याचं. उपासाचा नियम आदल्या रात्री मोठ्याने वाचतो आणि फॉर्मवर आजी-आजोबांसाठी वेगळा छापतो.

चढाईच्या दिवशीची मिस्सा आता संध्याकाळवर गेली. पहाटेची मिस्सा, वेदीमागे उजाडणारं आभाळ, ते गेलं, आणि त्याबद्दल फादर अजून हळहळतात. मलाही वाईट वाटतं. संध्याकाळी निम्मी मुलं पहिल्या वाचनालाच पेंगतात, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून. त्यांना उठवायचं की झोपू द्यायचं, यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही.