हॅम्लेट अपडेट: ‘संहितानिष्ठा’ रकान्याने घात केला

शेक्सपिअरच्या नाटकांवरचे चित्रपट तोलायला मागच्या वेळी तोऱ्यात मांडलेला गुणतक्ता मोडीत काढतोय. मूळ नाटकाचे शब्द किती राखले, याचे गुण म्हणजे ‘संहितानिष्ठा’. काल बेरीज केली, तर दिग्दर्शक ब्रानाचा १९९६चा ‘हॅम्लेट’ पहिला. बरोबरच आहे, चार तास घेऊन अख्खी संहिता! आणि कुरोसावाचा ‘थ्रोन ऑफ ब्लड’ (‘मॅकबेथ’चा जपानी अवतार) तळाला, कारण त्यात शेक्सपिअरची ओळच नाही. असला तक्ता चुलीत घालावा.

आधी वाटलं, संहितानिष्ठेचे गुण निम्मे करू. पण ऑलिव्हिएच्या ‘हॅम्लेट’ने (१९४८) अडवलं. रोझेनक्रांट्झ, गिल्डनस्टर्न, फोर्टिनब्रास ही पात्रंच गायब, ते मोजणं सोपं. पण त्याने हॅम्लेटचं ‘टू बी ऑर नॉट टू बी’ हे स्वगत उचलून ऑफिलियाबरोबरच्या प्रसंगानंतर नेलंय. जागा बदलली की गुण कापायचे का? दोन रात्री त्यातच गेल्या. मग आठवलं, १६०३च्या क्वार्टोत (नाटकाची पहिली छापील प्रत) हे स्वगत १६२३च्या फोलिओपेक्षा (शेक्सपिअरच्या नाटकांचा संग्रह) बरंच आधी येतं. छापील प्रतींचंच एकमत नाही, तर निष्ठा कोणाशी?

वैतागून सगळ्या ‘हॅम्लेट’पटांतले फक्त ‘टू बी’चे तुकडे पाठोपाठ लावले आणि किल्ली सापडली: ऐकतंय कोण? नाटकात राजा आणि त्याचा मंत्री पोलोनियस जवळच लपलेत. ब्रानाने त्यांना आरशामागे उभं केलंय. हॅम्लेट स्वतःच्या प्रतिबिंबाशी बोलतो, खंजीर काढतो आणि काचेपलीकडे राजा दचकतो. तो दचका मी सहा वेळा फ्रेम-फ्रेमने पाहिला. (व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबा. स्ट्रीमिंगवर हे सुख नाही, म्हणून डिस्कच घ्या. सबटायटलवर मात्र विसंबू नका. माझ्या एका डिस्कवर कापलेल्या ओळीही दिसतात!) ऑलिव्हिए कड्यावर एकटा, अर्धं स्वगत मनातल्या मनात, खंजीर समुद्रात. कोझिन्त्सेव्हचा (१९६४) हॅम्लेटही समुद्राकाठी, पण ओठ मिटलेले. आल्मेरेडाचा (२०००) व्हिडिओच्या दुकानात, ॲक्शनपटांच्या रांगेत. ऐकायला कोणी नाही, पण पडद्यांवर आगीचे लोळ. मला हाच सर्वांत एकटा वाटला.

तर संहितानिष्ठा बाद, ‘ऐकतंय कोण’ आत. ब्राना तरीही वरच राहिला, पण आता त्या काचेच्या जोरावर.

पुढे ‘लियर’ घेणार होतो. पण हे लिहिताना सुचलं, खुनाआधी मॅकबेथला भासणारा खंजीर याच पद्धतीने तपासता येईल: दिसतो कोणाला? पोलान्स्की (१९७१) तो हवेत तरंगताना दाखवतो, कर्झेल (२०१५) मेलेल्या पोराच्या हातात देतो. लियर थांबेल.

अरेच्चा, कुरोसावाचा रकाना पुन्हा कोराच, त्यात तो खंजीर नाहीच. तिथे असाजी (त्यातली लेडी मॅकबेथ) नवऱ्याच्या हातात भाला देते, तेच धरतो.