जी खपते ती जाते

बंदुका जमवणाऱ्या माणसाला 'तुमच्याकडे काय काय आहे?' असं विचारू नये. यादी मिळते, तोंडपाठ आणि कोरडी. त्यापेक्षा 'विकलेल्यांपैकी कोणती आठवते?' असं विचारावं. गडी खुर्चीत सावरून बसतो आणि पुढचा तासभर तुमची सुटका नाही. घरात आहे तिच्याबद्दल तो कंपनी, मॉडेल, साल एवढंच सांगेल. जी गेली तिच्या दस्त्यावर कुठल्या अंगाला ओरखडा होता तेही सांगेल.

माझी गेली ती ली-एनफिल्ड. थ्री-नॉट-थ्री म्हटलं की सगळ्यांना कळतं. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे उजव्या बाजूला मुकुट, खाली एनफिल्डचं नाव आणि १९१७ हे साल. दिसायला ती कधीच कुणाला सुंदर वाटली नसेल. नळी टोकापर्यंत लाकडात गुंडाळलेली, आणि पुढचं तोंड असं बुटकं की कुणीतरी कापून टाकल्यासारखं. पण बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा तो मुठीचा दांडा! जेम्स पॅरिस ली यांच्या डोक्यातून निघालेला. माउझर या जर्मन रायफलीचा बोल्ट उघडताना स्प्रिंग ताणावी लागते, म्हणून मूठ वर उचलतानाच जोर लागतो. लींच्या बोल्टमध्ये ते काम बंद करताना होतं, आणि मूठही जेमतेम ६० अंशांतच फिरते. त्यामुळे उघडताना तो नुसता सुटतो. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश पायदळातल्या शिपायाकडून ३०० यार्डांवरच्या लक्ष्यावर मिनिटाला १५ गोळ्यांची अपेक्षा असे, आणि पुष्कळ जण त्याहून जास्त मारत. मॅगझिन १० गोळ्यांचं, त्यामुळे मध्ये पाच-पाचच्या क्लिपा भरणं आलंच. हा बोल्ट हातात घेतल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास बसत नाही.

दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीला एक इवलंसं झाकण असतं. नखाने उचललं की आत पोकळी, तीत तेलाची पितळी बाटली आणि नळी साफ करायची दोरी. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायचा फास. वजन नळीतून खाली सोडायचं आणि दोरी ओढून घ्यायची. पाहुण्यांना मी बंदुकीआधी हे झाकणच दाखवत असे.

तर ती विकली. पैशाची नड होती. पैसे ज्या कामाला लागले ते काम रास्तच होतं आणि उद्या तशीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. तरीही रुखरुख जात नाही. म्हणजे निर्णय चुकला तरच ती लागते, असं काही नाही.

यामागे माझ्या मते एक साधा हिशेब आहे. नड आली की आपण कपाट उघडतो आणि नकोशी बंदूक शोधायला लागतो. नकोशीला गिऱ्हाईक कुठलं मिळायला! माझ्याकडे एक एकनळी शॉटगन आहे. कुणीतरी हौसेने तिला घासूनपुसून नवं ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा तो निळसर काळा थर, केलंय. त्या घासण्यात कारखान्याचे शिक्के पुसट झाले आणि संग्राहकाच्या लेखी ती मेली. एक रिव्हॉल्व्हर आहे, त्याचे भाग एकमेकांना ओळखत नाहीत, कारण भागांवर कोरलेले क्रमांक जुळत नाहीत. दोघं कपाटात सुखरूप आहेत आणि माझ्यामागेही राहतील. चार जण ज्या बंदुकीसाठी टपलेले असतात ती विकली जाते, आणि त्या चौघांना ती ज्या कारणासाठी हवी असते त्याच कारणासाठी ती आपल्यालाही आवडलेली असते. संग्रह म्हणजे माणसाच्या आवडीचा आरसा, असं मोठमोठे लोक म्हणतात. असेल. दर अडचणीला तो चाळणीतून जातो, बारीक पीठ खाली पडतं आणि वर उरतो तो कोंडा आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो.

कधीकधी विकताना काही वाटत नाही, ते मागाहून वाटायला लागतं. विंचेस्टरची मॉडेल ७० ही रायफल १९३६ पासून निघत होती. १९६४ साली कंपनीने खर्च वाचवायला तिची रचना बदलली. काडतुसाला मागून पकडून ठेवणारा माउझर पद्धतीचा लांब पंजा गेला, दस्त्यावरची नक्षी हाताने कोरायची ती दाबून उठवायला लागले. झालं, त्याआधीच्या सगळ्या रायफली एका रात्रीत 'प्री-६४' झाल्या. १९६३ मध्ये ज्याने आपली विकली त्याने एक साधी शिकारी रायफल विकली होती. पुढच्या वर्षी त्याला कळलं की आपण प्री-६४ विकली. नव्वदच्या दशकात कंपनीने तो पंजा परत आणला, पण नाव पडायचं ते पडून गेलं होतं.

कोल्ट पायथनवाल्यांचं दुखणं त्याहून वेगळं. १९५५ साली आलेलं हे रिव्हॉल्व्हर २००५ मध्ये बंद झालं आणि विकून बसलेले कपाळाला हात लावून बसले. मग २०२० मध्ये कोल्टने पायथन पुन्हा काढलं. आतली रचना सुधारलेली, ट्रिगर छान, बांधणी मजबूत. त्यांची समजूत पटायला हवी होती. पण जुन्याचे भाग कारागिराने हाताने घासून बसवलेले, आणि त्या गडद निळ्या झळाळीची सर स्टीलच्या पांढऱ्या चकाकीला येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते थोडं लाडावलेलं वाटतं. मात्र 'दुसरी ली-एनफिल्ड घे की' असं मला कुणी म्हणालं, की मी बोल्टवरच्या आणि बॉडीवरच्या जुळणाऱ्या क्रमांकांवर व्याख्यान देतो.

मला खरी काळजी वेगळीच आहे. जुन्या .३०३ काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचं क्षार होऊन नळीत बसतं आणि हवेतला ओलावा ओढतं. नुसत्या तेलाने ते जात नाही. आधी गरम पाणी ओतायचं, नळी कोरडी करायची आणि मगच तेल. घेणाऱ्याला हे मी समजावून सांगितलं होतं. त्याने मान डोलावली, पण ती जरा लवकरच डोलावली.

विकताना सगळेच एक शब्द घालून ठेवतात, मीही घातला: 'कधी काढायची झाली तर आधी मला विचार.' घेणारा हसत हो म्हणतो. आता, तो विकेल तो नड आल्यावरच, आणि नडलेल्या माणसाला माझा नंबर शोधायची नव्हे तर समोर उभ्या असलेल्याकडून पैसे घ्यायची घाई असते. शिवाय तोपर्यंत मीही दुसऱ्या कशात पैसे अडकवून बसलेला असेन, आणि परवान्याचे कागद, नोंदी हे सगळं नव्याने आलंच. हे मला इतकं नेमकं माहीत आहे, कारण असाच शब्द मीही एका गृहस्थांना दिलेला आहे. त्यांची रायफल माझ्याकडे आहे आणि ती विकायचा माझा विचार नाही. ते अधूनमधून फोन करून तब्येतीची चौकशी करतात. माझ्या की रायफलीच्या, हे मी अजून विचारलेलं नाही.