दुष्फेन

आमच्या लातुरात पाण्याची परीक्षा तुरीची डाळ घेते. भाड्यानं घर बघायला गेलं की आई आधी शेजारणीला गाठते, "तुमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजती का ओ?" शेजारणीनं नुसतं तोंड वाकडं केलं तरी ते घर नापास. मग हॉल मोठा असो की गच्ची.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून भाची आली. सहावीतली. दुसऱ्याच दिवशी न्हाणीतून ओरडली, "मावशी, तुमचा साबण खराब आहे!" साबण बिचारा चांगला होता. पण घासून घासून फेस येईना, आणि बादलीच्या कडेला दूध नासल्यासारखा पांढरा साका जमलेला. आई स्वैपाकघरातूनच म्हणाली, "साबणाला काय झालंय माय, पाणी जड हाय."

"जड म्हणजे? एक लिटर पाण्याचं वजन इथं जास्त भरतं का?"

प्रश्न ऐकून मी हसले, पण तो अगदीच वेडा नव्हता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता, म्हणजे विरघळलेल्या चुनखडीच्या हिशेबात मोजलेलं हेच जडपण, ठीक मानली आहे, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे चिमूटभर दगड आपण लिटरमागे पितोच. त्या ‘दुसरं पाणीच नसेल तर’ला मात्र आमच्या गावात फार अर्थ आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी आलं, तेव्हा ते जड की हलकं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शाळेच्या पुस्तकात अशा जड पाण्याला दुष्फेन म्हणतात. दुष्काळ, दुष्कर्म, दुष्फेन. शब्द ऐकूनच पाण्यानं काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. खरं तर आभाळातून पडताना ते निर्मळच असतं. काळ्या रानात मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ते किंचित आंबट होतं, फारच फिकं सोडावॉटर म्हणा. आमच्या रानात जरा उकरलं की चुनखडीचे पांढरे खडे लागतात. हे आंबट पाणी त्यांना चाटत चाटत खाली जातं, खडकाच्या फटींत वर्षानुवर्षं राहतं. मग सहाशे-सातशे फुटांवरून आपण त्याला उपसतो, तेव्हा चुन्यातलं कॅल्शियम त्याच्यासोबत वर येतं.

साबणाच्या कणाला दोन टोकं. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. म्हणून तर तेलकट मळ पाण्यात निघून जातो. पण कॅल्शियमला समजा दोन हात आहेत. ते दोन्ही हातांनी दोन साबण धरतं, आणि पाण्याशी त्यांचं नातं तुटतं. तोच बादलीतला साका. आधी सगळ्या कॅल्शियमचे हात भरायचे, मग उरलेल्या साबणाचा फेस आपला.

हे मी सांगितलं, पण पोरीला बघायचं होतं. नशिबानं त्याच आठवड्यात अवकाळी आला. आंब्याच्या मोहरापासून सगळ्यांनी ज्याला शिव्या दिल्या होत्या, त्या पावसासाठी आम्ही अंगणात पातेलं मांडलं. तीन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत तेच पाणी उकळून, निववून, वरचं वर ओतून घेतलेलं, तिसरीत पावसाचं. प्रत्येकीत अंगाच्या साबणाचा चमचाभर कीस. कपड्याची पावडर चालत नाही, ती कॅल्शियमला फारशी भीत नाही. झाकण लावून वीस वेळा हलवलं.

पावसाची बाटली गळ्यापर्यंत फेसाळली. बोअरची गढूळ होऊन बसली. उकळलेलं पाणी अधलंमधलं, कारण उकळल्यावर कार्बन डायऑक्साइड उडतो आणि विरघळलेल्या चुन्यातला बराचसा पुन्हा दगड होऊन भांड्याला चिकटतो. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच थर. काही क्षार मात्र उकळूनही पाण्यातच राहतात. पातेल्याच्या तळाच्या त्या पांढऱ्या थरावर पोरीनं लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. "मातीतला गॅस आत्ता सुटला," ती म्हणाली. मला एवढं नीट सांगता आलं नसतं.

डाळीचंही तेच. दाण्याच्या पेशी एकमेकींना ज्या पेक्टिननं चिकटलेल्या असतात, ते कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं. म्हणून आई चिमूटभर खायचा सोडा टाकते. त्यात ब जीवनसत्त्व थोडं जातं हे मी तिला सांगून बघितलं आहे. "कच्ची डाळ खा मग," एवढंच उत्तर मिळालं.

आई हा सगळा खेळ दारातून बघत होती. आत गेली, रात्री केसांसाठी भिजत घातलेल्या रिठ्यांची वाटी घेऊन आली. चौथी बाटली मागितली. बोअरचंच पाणी, त्यात रिठ्याचं पाणी. हलवली.

फेस बाटलीच्या तोंडाशी.

रिठ्यातलं सॅपोनिन साबणासारखं कॅल्शियमच्या हाती लागत नाही, हे मी नंतर समजावलं. पण तोवर भाचीनं वहीत तीन रकान्यांशेजारी पट्टीनं चौथा आखला होता, आणि वर नाव काय लिहायचं ते आजीला विचारत होती.