बिबट्या सोडून बाकी सगळं बघा: एका फोटोची तपासणी

"सावधान! आज सकाळी साडेसहाला आपल्या लेआऊटमध्ये बिबट्या. मुलांना बाहेर सोडू नका." डिसेंबरातल्या एका सकाळी हा मजकूर, लेआऊटच्या (प्लॉट पाडलेल्या वसाहतीच्या) नावासकट, आणि त्याखाली एक फोटो पश्चिम नागपुरातल्या कितीतरी ग्रुपांवर फिरत होता. रिकाम्या प्लॉटची प्लास्टर न केलेली विटांची भिंत, तिच्या पायथ्याशी चालणारा बिबट्या, मागे एक बंगला, फाटकाशी स्कूटर, भिंतीवर कोवळं ऊन. गोरेवाड्याचं जंगल शहराला खेटून आहे आणि २०२१च्या उन्हाळ्यात आयटी पार्कच्या बाजूला बिबट्या खरोखरच दिसला होता. त्यामुळे "नागपुरात कुठला बिबट्या" म्हणून फोटो उडवून लावायची सोय नव्हती. तपासणीला दोन दिवस लागले. त्यातला अर्धा दिवस फुकट गेला, तो कुठे गेला तेही सांगतो.

आधी प्रत. तपासायला सर्वांत कमी दाबली गेलेली फाइल हवी. वॉट्सॲपवर नुसतं फॉरवर्ड केलं तर फाइल सहसा तशीच पुढे जाते, पण कोणी ती गॅलरीतून पुन्हा चढवली किंवा स्क्रीनशॉट काढून टाकला की ती आणखी दाबली जाते. वेगवेगळ्या ग्रुपांतून पाच प्रती उतरवून घेतल्या. दोन सरळ स्क्रीनशॉट होते, वरच्या कडेला बॅटरीची खूण अर्धी कापलेली. दोन ४० ते ६० केबीच्या. एक १४८ केबीची, लांब बाजू १६०० पिक्सेल. साध्या दर्जात पाठवलेला मोठा फोटो वॉट्सॲप एवढाच करून ठेवतं, म्हणून हीच प्रत धरली.

तिचा एसएचए-२५६ हॅश काढला, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा; फाइलमध्ये जरा बदल झाला तरी तो बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि लिनक्समध्ये एसएचए२५६सम ही आज्ञा आयतीच असते. निघालेली ६४ अक्षरांची ओळ, फाइल कोणाकडून कधी मिळाली ते, एवढं वहीत. मूळ फाइल बाजूला, सगळे प्रयोग नकलेवर. हे सोपस्कार वाटतात, पण प्रकरण पोलिसांत गेलं तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात हॅशचा रकाना आहे. ज्या फोनवर फोटो आला तो मधल्या काळात फॉरमॅट झालेला असला की मग पंचाईत.

फाइलच्या नावात आधी आयएमजी, मग आठ आकडी तारीख, मग डब्ल्यूए असं होतं. ग्रुपवर दोघातिघांनी याच तारखेचा पुरावा दिला होता: "नाव बघा, आजचंच आहे." अँड्रॉइडवर ती तारीख त्या फोनमध्ये फाइल उतरल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आज आला तरी नावात आजचीच तारीख पडणार.

फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहिती वाचणाऱ्या एक्झिफटूल या साधनाने ती उघडली. कॅमेरा, वेळ, जीपीएस, सगळं रिकामं. यावरून काहीही ठरत नाही, कारण वॉट्सॲप फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधून ही माहिती स्वतःच काढून टाकतं. खऱ्या फोटोचंही तेच होतं. एआयने बनवल्याची नोंद काही साधनं फाइलमध्ये लिहितात, तीही याच वाटेने जाते. नोंद सापडली तर उपयोगी, न सापडली तर शून्य.

म्हणून मुळाकडे जायचं. "तुम्हाला कोणी पाठवला?" हे विचारत चार माणसं मागे गेलो, चौथा म्हणाला, "भाऊ, मले बी दुसऱ्या ग्रुपवरूनच आला." साखळी तिथे तुटली. तुटली नसती तर दोनच मागण्या केल्या असत्या: फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि गॅलरीत त्याच्या आधीचा व नंतरचा फोटो दाखवा. बिबट्या समोर दिसल्यावर माणूस एकच फोटो काढून मोबाइल खिशात ठेवतो, असं फारसं होत नाही. हललेले, आडवे, अर्धे बोट आलेले सात-आठ तरी फोटो असतात. एकच, तोही नीट चौकटीत बसलेला, म्हणजे शंकेला जागा आहे; पुरावा नाही.

उलट शोधाला, म्हणजे फोटो देऊन तो आधी कुठे आला ते शोधणाऱ्या साधनांना, पूर्ण फोटो दिला: गूगल लेन्स, टिनआय, यांडेक्स. काही नाही. आडवा उलटवून दिला, काही नाही. फक्त बिबट्या कापून दिला तर जगभरचे बिबटे आले. इथे एक तपासणी करून घ्यायची असते: अंगावरच्या ठिपक्यांच्या वर्तुळांमध्ये आत छोटे काळे ठिपके असतील तर तो जॅग्वार, अमेरिकेतला प्राणी. उचललेल्या फोटोंत असे जॅग्वार बिबट्या म्हणून खपतात. आपला बिबट्याच होता.

बिबट्या किती मोठा? भिंत विटांची होती हे नशीब. मॉड्युलर वीट ९ सेंटिमीटर उंचीची, वर १ सेंटिमीटर मसाला. म्हणजे एक थर १० सेंटिमीटर. जुन्या मापाची वीट असेल तर साडेआठ-नऊ. पायाच्या टोकापासून खांद्यापर्यंत ११ थर मोजले. म्हणजे खांदा किमान ९३ सेंटिमीटरवर. बिबट्याचा खांदा साधारण ६० ते ७० सेंटिमीटरचा असतो. हा वाघाच्या मापाचा निघाला. पण ही मोजणी प्राणी भिंतीला अगदी चिकटून असेल तरच खरी. तो भिंतीपासून चार-पाच फूट अलीकडे असला आणि कॅमेरा जवळ असला तर उगाच मोठा दिसतो. पाय कुठे टेकलेत ते गवतात नीट दिसत नव्हतं. निष्कर्ष वहीत पेन्सिलने लिहिला.

फुकट गेलेला अर्धा दिवस इथला. एरर लेव्हल ॲनालिसिस, म्हणजे फोटो ठरावीक दर्जाला पुन्हा जेपेग करून मूळ आणि नव्या प्रतीतला फरक उजळून पाहणं. ही पद्धत संगणक सुरक्षा तज्ज्ञ नील क्रॉएट्झ यांनी २००७मध्ये मांडली. निकालात बिबट्या चमकत होता. ग्रुपवर एकाने तोच निकाल "बघा, चिकटवलाय" म्हणून टाकलाही. मात्र विटांमधले सांधेही तेवढेच चमकत होते आणि स्कूटरची कडही. तीव्र कडा आणि बारीक नक्षी या पद्धतीत चमकतातच; ठिपक्यांचं जनावर तर चमकणारच. शिवाय जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत काम करतं, आणि पूर्ण फोटो नव्याने लहान करून दाबला गेला की आधीच्या दाबाच्या खुणा बहुतेक मिटतात. मूळ फाइलवर या चाचण्यांना अर्थ आहे, वॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीवर फारसा नाही. नॉइजचा, म्हणजे फोटोतल्या बारीक दाणेदारपणाचा, नकाशाही काढला. तो सगळीकडे सारखा. पूर्वी कात्रीने कापून चिकटवलेल्या तुकड्याचा नॉइज वेगळा पडायचा. आताची एआय संपादन साधनं बरेचदा चित्र सबंध नव्याने रंगवतात, त्यामुळे शिवण राहतच नाही.

एआय ओळखणाऱ्या संकेतस्थळाने "८७ टक्के एआय" सांगितलं. तोच फोटो कडेने थोडा कापून दिला तर ४१. असा आकडा मी कुणाला सांगत नाही. साधन तपासायची सोपी रीत हीच: तोच फोटो थोडा कापून, थोडा लहान करून द्यायचा. आकडा उड्या मारत असेल तर सोडून द्यायचा.

मग बिबट्यावर बोट ठेवून तो झाकला आणि बाकीचा फोटो पाहिला. हे पहिल्याच तासात करायला हवं होतं. बंगल्यामागे गुलमोहर लालभडक फुललेला. खिडकीत कूलर, झाकण नाही, पाण्याची नळी जोडलेली. कूलर बारा महिने खिडकीतच ठेवणारी घरं नागपुरात भरपूर आहेत, पण डिसेंबरात गुलमोहर? तो एप्रिल ते जूनमधला. इतक्या लोकांनी फोटो पाहिला आणि झाड कुणाला दिसलं नाही, कारण सगळे जनावर पाहत होते.

मजकुरात लेआऊटचं नाव होतंच, उपग्रह नकाशावर बंगल्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणि कोपऱ्यातला विजेचा खांब जुळवून प्लॉट सापडला. जाऊन पाहिलं. खांब खिडकीच्या डाव्या कडेवर येईल अशा जागी उभं राहिलं की चौकट जुळते. फोटो कुठून काढला ते अशा दोन जोड्या जुळवूनच पक्कं होतं. भिंतीची फोटोतली बाजू उत्तरेला तोंड करून होती. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर घेऊ नये, लोखंडी फाटकाजवळ तो खुशाल चुकतो. नकाशावरून घ्यावी.

आता ऊन. नागपूर २१.१५ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्याला इथे सूर्य पावणेसातच्या सुमाराला, पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडेच राहतो. साडेसहाला ऊनच नाही, ही एक गोष्ट. पण वेळ लिहिण्यात कुणाचीही चूक होते, त्यामुळे तेवढ्यावर फोटो खोटा ठरत नाही. दुसरी गोष्ट पक्की: डिसेंबरात उत्तरमुखी भिंतीवर दिवसाच्या कोणत्याही वेळी थेट ऊन पडत नाही. मेअखेरीस मात्र सूर्य पूर्वेपासून जवळपास तितकाच उत्तरेकडे उगवतो आणि सकाळी हीच भिंत उजळते. गुलमोहराशी हे बरोबर जुळलं. इथपर्यंत सिद्ध काय झालं? मागचं दृश्य डिसेंबरातलं नाही. बिबट्या बनावट आहे हे अजून नाही; मेमधला खरा बिबट्या असू शकत होता.

ती गाठ जाहिरातीने सोडवली. रिकामा प्लॉट, म्हणजे कधीतरी विकायला निघालेला असणार. लेआऊटच्या नावाने प्लॉट विक्रीच्या जुन्या जाहिराती चाळल्या आणि त्याच खांबाजवळून काढलेला फोटो मिळाला: तोच गुलमोहर, फाटकाशी तीच स्कूटर त्याच कोनात, रस्त्यावर पाण्याचा तोच ओघळ, सावल्या जागच्या जागी. बिबट्या नाही. दोन्ही फोटो एकावर एक ठेवून पारदर्शकता निम्मी केली, कडा बसल्या. जाहिरातीत स्कूटरची पाटी स्वच्छ वाचता येते, एमएच ३१पासून पुढे. फिरणाऱ्या फोटोत अक्षरं वितळल्यासारखी, आणि बंगल्याच्या नावाच्या पाटीवरचे काने-मात्रे भलतीकडे. जाहिरातीतल्या स्वच्छ पाटीशी ताडूनच हे सांगता येतं. नुसत्या वाकड्या अक्षरांवर कुणाला एआय ठरवू नये, दाबलेल्या खऱ्या फोटोतही ती वितळतात.

दरम्यान वनरक्षक येऊन गेले होते. मातीत ठसे मिळाले ते नखं उमटलेले, म्हणजे कुत्र्यांचे. बिबट्या चालताना नखं आत घेतो. शेजारच्या सीसीटीव्हीत काही नव्हतं. फुटेज बघताना डीव्हीआरच्या, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घेऊन ठेवावी; इथे डीव्हीआर १९ मिनिटं मागे होता.

निकाल लिहिणं सर्वांत अवघड. "फेक!" एवढंच लिहून लाल शिक्का मारला की दुसऱ्या आठवड्यात खरा बिबट्या आला तरी लोक "हे पण एआय" म्हणून गच्चीवरून बघत बसतात. बॉबी चेस्नी आणि डॅनियल सिट्रन या अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी याला खोटारड्याला मिळणारा लाभांश म्हटलं आहे: बनावट माल वाढला की खऱ्या पुराव्यालाही बनावट म्हणून झटकता येतं. उलट बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या महिन्यांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीतून शेवट कापून काढलेला होता. कापायला एआय लागलं नव्हतं. त्याच महिन्यात वॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

म्हणून खुलाशात जुळवलेले दोन फोटो शेजारी ठेवले, स्कूटरची पाटी झाकून. बनावट फोटोवर पट्टी कोपऱ्यात न देता बिबट्याच्या अंगावरून आडवी दिली, कारण कोपरा लोक कापतात. खाली एवढंच लिहिलं: "हा फोटो प्लॉटच्या जुन्या जाहिरातीतल्या फोटोत बिबट्या घालून बनवलेला आहे. वनकर्मचाऱ्यांना या जागी बिबट्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. परिसरात बिबट्या नाही, असा याचा अर्थ नाही. दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि फोटो काढला असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा."