दीड तासाचा मेंटेनर

फावल्या वेळात मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याचा दिवस म्हणजे खरं तर दीड तास. नोकरी, घर आणि झोप यांतून उरलेला. त्यात नवा कोड फार थोडा लिहून होतो. बाकी सगळा वेळ वाचण्यात जातो: बगच्या तक्रारी, पॅच (कोडमधले छोटे बदल), भाषांतराच्या फायली आणि सहा महिन्यांपूर्वी स्वतःच लिहिलेला, आता परका वाटणारा कोड. काल काम कुठे सोडलं होतं हे शोधण्यातच अर्धा तास गेला, तर उरतो फक्त एक तास.

बसल्याबरोबर एडिटर उघडू नये. आधी पंधरा मिनिटं नव्या तक्रारी चाळाव्यात, तीही घड्याळ लावून. त्यांत काही लगेच पुन्हा घडवता येतात, काहींत माहिती अपुरी असते, काही आधीच नोंदलेल्या असतात आणि काही मुळात बग नसून मागण्या असतात. आज एवढं लेबल लावलं तरी पुरे. 'चालत नाही' एवढंच लिहिलेल्या तक्रारीवर चिडण्यात अर्थ नाही. तयार ठेवलेले तीन प्रश्न चिकटवावेत: आवृत्ती कोणती आणि कुठून घेतली, नेमकं काय केलं, आणि काय व्हायला हवं होतं ते सोडून काय झालं. 'कुठून घेतली' हे मुद्दाम विचारायचं, कारण डिस्ट्रोवाले (लिनक्सच्या तयार आवृत्त्या बनवणारे) पॅकेजला स्वतःचे पॅच लावतात आणि आकडा तोच असला तरी कोड तोच नसतो. महिनाभर उत्तर आलं नाही तर तक्रार बंद करावी, पण पुन्हा उघडायची कशी तेही लिहून.

क्रॅश असेल तर बॅकट्रेस (कोसळताना कोणती फंक्शनं चालू होती त्यांची यादी) मागावा, डिबग सिम्बॉल (फंक्शनची नावं सांगणारी जास्तीची माहिती) बसवून काढलेला. नाहीतर फंक्शनच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. आणि लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) विचारायला विसरू नये. जर्मन लोकेलमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो, त्यामुळे सी लायब्ररीचं आकडे वाचणारं फंक्शन '3.14' वाचताना टिंबापाशी थांबतं आणि हाती नुसता 3 येतो. तुर्की लोकेलमध्ये लहान 'आय' मोठा केला तर टिंबवाला मोठा 'आय' मिळू शकतो, आणि अक्षरांची केस बदलून शब्द जुळवणारा कोड गुपचूप फसतो. 'माझ्याकडे तर चालतंय' या उत्तरामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

बग पुन्हा घडवता आला की निम्मं काम झालं. पूर्वी चालणारी गोष्ट मोडली असेल तर डोकं खाजवत कोड वाचण्याआधी कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटमधलं बायसेक्ट वापरावं. दोन आवृत्त्यांमध्ये 800 कमिट (नोंदवलेले बदल) असतील तरी दर फेरीला निम्मे बाद होतात, म्हणजे दहा फेऱ्यांत दोषी कमिट सापडतो. बिल्डला (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला) सहा मिनिटं लागत असतील तर एक तास. या कामाच्या वेळापत्रकात इतकं चपखल बसणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

पण ते स्क्रिप्टला जुंपावं, हाताने करू नये. बायसेक्ट रन या आज्ञेला स्क्रिप्ट दिली की ती आज्ञा स्क्रिप्टने शेवटी परत केलेल्या आकड्यावरून निर्णय घेते: 0 म्हणजे चांगला, 1 ते 127 म्हणजे वाईट, त्यातला 125 तेवढा 'हा कमिट तपासता येत नाही, वगळा' असं सांगणारा, आणि 128 किंवा वर गेलं की सगळं थांबतं. सर्वांत जास्त फसगत 125 पाशी होते. अधलामधला एखादा कमिट बिल्डच होत नसतो, स्क्रिप्ट 1 परत करते आणि खापर निरपराध कमिटवर फुटतं. म्हणून बिल्डची ओळ आणि टेस्टची ओळ वेगळी ठेवावी. बिल्ड फसलं तर 125, टेस्ट फसली तरच 1.

स्क्रिप्ट रेपोच्या (प्रकल्पाच्या गिट फोल्डरच्या) बाहेर ठेवावी. आत असली आणि गिटमध्ये नोंदलेली असली तर दर चेकआउटला (दुसरा कमिट उघडताना) तीही बदलते. नोंदलेली नसली तर आधीच्या बिल्डचा कचरा काढण्यासाठी गिट क्लीन चालवताच ती उडते, सोबत तुमची टिपणंही. हा सगळा उद्योग गिट वर्कट्री वापरून वेगळ्या फोल्डरमध्ये केला तर रोजचं काम सुरक्षित राहतं. हाताने करताना एखादी फेरी चुकीची नोंदली गेली तर पहिल्यापासून सुरुवात नको. बायसेक्ट लॉग फायलीत काढावा, चुकीच्या ओळीपासून पुढचं खोडावं, बायसेक्ट रिसेट करावं आणि ती फाईल बायसेक्ट रिप्लेला द्यावी.

कधीमधीच दिसणारा बग मात्र वेगळं प्रकरण आहे. वीसपैकी एकदा दिसणारा बग वीस वेळा टेस्ट चालवूनही न दिसण्याची शक्यता सुमारे 36 टक्के असते. ती पाच टक्क्यांखाली आणायची तर साठ वेळा चालवावी लागते. हा हिशेब न करता बायसेक्ट केलं तर हाती येणारा कमिट निव्वळ लॉटरी असते. अशा वेळी स्क्रिप्टमध्ये साठ फेऱ्यांचं लूप टाकून मशीन रात्रभर चालू ठेवावं आणि झोपावं.

आता दुसऱ्यांचे पॅच. वाचण्याचा माझा पसंतीचा क्रम उलटा आहे: आधी टेस्ट, मग कमिटचा संदेश, सर्वांत शेवटी कोड. टेस्ट जुन्या कोडवर चालवून ती खरंच फसते का ते पाहावं. दुरुस्ती नसतानाही पास होणारी टेस्ट आश्चर्य वाटावं इतक्या वेळा सापडते. संदेशात 'काय बदललं' लिहिलेलं असतं आणि 'का' गायब असतं, ते मागून घ्यावं. पाच वर्षांनी गिट ब्लेमने ओळ कुणी, कधी बदलली ते पाहणाऱ्याला 'काय' समोरच दिसत असतं. चारशे ओळींहून मोठा पॅच एका बैठकीत नीट वाचून होत नाही, तुकडे करून मागावा. दुरुस्ती आणि इंडेंटेशनची साफसफाई एकाच कमिटमध्ये आली असेल तर परत पाठवावी. त्यात वाईटपणा नाही.

परवानाही याच वेळी पाहायचा. अपाची 2.0 या परवान्याखालचा कोड फक्त जीपीएल 2 हा परवाना असलेल्या प्रकल्पात घेता येत नाही, जीपीएल 3 मध्ये घेता येतो. 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ मागणारे प्रकल्प ती शोभेसाठी मागत नाहीत. हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, असं देणारा त्यातून लिहून देतो. लिनक्स कर्नलमध्ये 2004 पासून ही पद्धत आहे.

नव्या माणसाचा पहिला पॅच पडून राहू देऊ नये. पूर्ण रिव्ह्यू जमत नसेल तर 'पाहिलं, रविवारपर्यंत वाचतो' एवढं तरी लिहावं, आणि रविवारी वाचावं. न घ्यायचा पॅचही लवकर नाकारलेला बरा. वर्षभर लटकवून नाकारण्याइतकं वाईट काही नाही.

रिलीजचं काम दीड तासात बसत नाही, त्यासाठी सुट्टीची सकाळ राखावी. त्याआधी दोन आठवडे पडद्यावर दिसणारी वाक्यं गोठवायची, म्हणजे भाषांतरकारांना वेळ मिळतो. त्यांच्या फायली आल्या की एमएसजीएफएमटी (या फायली प्रोग्रामसाठी तयार करणारं साधन) तपासणीच्या पर्यायासह चालवावं. मूळ वाक्यात एक टक्के-एस (मजकूर भरायच्या जागेची खूण) आणि भाषांतरात दोन, असं झालं तर प्रोग्राम फक्त त्याच भाषेत क्रॅश होतो आणि कारण शोधताना नाकी नऊ येतात. मग चेंजलॉग (बदलांची यादी), आवृत्तीचा आकडा, सही केलेला टॅग (त्या आवृत्तीची गिटमधली खूण) आणि टारबॉल (कोडची एकत्र बांधलेली फाईल). ऑटोटूल्स ही बिल्डची साधनं असतील तर टारबॉल उघडून बिल्ड करून पाहणारं मेक डिस्टचेक चुकवू नये. नवी हेडर फाईल गिटमध्ये असते पण टारबॉलच्या यादीत घालायची राहते, आणि रेपोमधून बिल्ड करणाऱ्या कुणालाच ते कळत नाही. एकदा पुश केलेला (सर्व्हरवर पाठवलेला) टॅग चूक सापडली तरी हलवायचा नाही. लोकांनी तो घेतलेला असतो, पुढचा आकडा फुकट मिळतो. आणि प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री रिलीज करू नये. पुढचे दोन दिवस हाताशी लागतातच.

टारबॉल गिटमधल्या टॅगशी जुळतो का, हे पाहण्याचं महत्त्व मार्च 2024 मध्ये एक्सझेड (फायली दाबून लहान करणारं साधन) प्रकरणाने सगळ्यांना शिकवलं. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट होती. तिचा मूळ कोड टेस्टच्या बायनरी फायलींत दडवलेला होता, आणि बिल्डच्या वेळी तो बाहेर काढणारी ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये होती. एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून एकाने खोदलं, तेव्हा ते सापडलं. तिथे घुसण्याचा मार्ग तांत्रिक नव्हता. थकलेल्या एकट्या मेंटेनरवर 'काम हळू चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या' असा दबाव आणला गेला, आणि मदतीला आलेल्याने दोनेक वर्षं चांगले पॅच देऊन विश्वास कमावला. त्यामुळे थकवा ही खासगी बाब समजू नये. रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फायलीत) स्पष्ट लिहावं: हा प्रकल्प फावल्या वेळात चालतो, उत्तराला दोन आठवडे लागू शकतात. अधिकार द्यायचे तेही पायरीपायरीने, आधी तक्रारींना लेबल लावण्याचे, मग मर्जचे (पॅच प्रकल्पात सामावून घेण्याचे), आणि रिलीजची किल्ली सर्वांत शेवटी.

सुरक्षेच्या तक्रारीसाठी वेगळा खासगी पत्ता हवा. ती आली की त्या दिवशीचं बाकी सगळं बाजूला. पोचपावती लगेच द्यावी आणि जाहीर करण्याची तारीख कळवणाऱ्याशी बोलून ठरवावी. 90 दिवसांची मुदत सर्रास दिली जाते. दुरुस्ती आधी सार्वजनिक ब्रँचवर (कोडच्या सगळ्यांना दिसणाऱ्या फांदीवर) ढकलली तर गुप्तता तिथेच संपते, कमिटचा संदेश कितीही गुळमुळीत लिहिला तरी.

शेवटची दहा मिनिटं उद्यासाठी. अर्धवट कोड स्वतःच्या ब्रँचवर कमिट करावा, आणि त्यासोबत पुढची पायरी सांगणारी, मुद्दाम फसणारी एक टेस्ट. दुसऱ्या दिवशी, किंवा चार दिवसांनी, टेस्ट चालवली की लाल ओळच सांगते कुठे होतो ते. पुढच्या दुरुस्त्या कमिट करताना फिक्सअप पर्याय (ही आधीच्या कमिटची दुरुस्ती आहे असं सांगणारा) द्यावा, आणि पॅच पाठवण्याआधी रिबेस ऑटोस्क्वॉशने सगळे तुकडे एकत्र करून टाकावेत.