पट्टीवरचं प्रश्नचिन्ह

सोमवार, २ जुलै २०१८. सकाळी रामबागेतल्या घरी चहा घेत होते आणि मराठी वाहिनीवर राईनपाड्याची बातमी चालू होती. आदल्या दिवशी धुळे जिल्ह्यातल्या त्या गावी जमावाने पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून मारून टाकलं होतं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत हिंडणारी. आईने उठून टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाली, "आपल्याकडेही ते फॉरवर्ड फिरतायत गं. भिशीच्या ग्रुपवर तीन वेळा आलं."

मी तेव्हा इंदूरच्या एका लोकल केबल न्यूज चॅनेलमध्ये व्हिडिओ एडिटर होते. दुकानांवरच्या दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक जुनं स्विचर, एवढाच आमचा पसारा. स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेले बाहेरचे वार्ताहर, व्हिज्युअल पाठवायचे, मी कापायचे, आवाज चढवायचे आणि पडद्यावर खाली दिसणारी मजकुराची पट्टीही मीच टाइप करायचे. संपादक आणि मालक एकच. त्यांना सगळे भैया म्हणत.

अकराच्या सुमारास भैयांनी एक क्लिप पाठवली. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका चिमुरड्याला उचलतात आणि भरधाव निघून जातात. वरच्या कोनातून घेतलेली, सीसीटीव्हीसारखी. "शहर कौन सा है?" मी विचारलं. "पता नहीं, पर चल बहुत रही है. क्वेश्चन मार्क लगा दे."

एडिटिंगला बसणाऱ्याच्या डोळ्याला कापलेली जागा कळते. त्या क्लिपचं शेपूट मला खटकलं होतं. मोटरसायकल फ्रेममधून जाते न जाते तोच चित्र तुटत होतं, जणू कुणी घाईने कात्री मारली असावी. मी तिथे दोनदा थांबले. नंतर पुढची बातमी आली, मागून हाक आली, आणि मी पट्टी टाइप केली: 'शहर में बच्चा चोर गिरोह सक्रिय?' चार वाजेपर्यंत आम्ही ती पाच बुलेटिनांत चालवली. सकाळचा राईनपाडा डोळ्यांसमोर असूनही मी हे केलं. माझ्याच बोटांनी.

पावणेपाचला आत्याचा फोन आला. आत्या सुदामा नगरात राहते. एरवी ती आधी सगळ्यांची खुशाली विचारते, त्या दिवशी एका श्वासात बोलत होती. "अगं, आमच्या गल्लीत बोहारणीला धरलंय. आपलीच बोहारीण, जरीच्या साड्यांवर पातेली देते ती. कडेवर नातू आहे तिच्या. पोर गोरं आहे, तिचं वाटत नाही म्हणतात. पानाच्या टपरीवर तुमचं चॅनेल लावलंय आणि पोरं टीव्हीकडे बोट दाखवून सांगतायत, हे बघा, टोळी आलीय म्हणून."

मी म्हटलं, "आत्या, आम्ही प्रश्नचिन्ह दिलंय."

"प्रश्नचिन्ह कोण वाचतंय इथे?" आणि फोन बंद झाला.

पुढे काय घडलं ते मला नंतर कळलं. आत्या अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखरे. ती गर्दीत शिरली, बोहारणीच्या दंडाला धरलं आणि तिला पोरासकट आपल्या घरात ओढून दाराला आतून कडी घातली. खिडकीतून ओरडून सांगत राहिली, "मैं इसको बारा साल से जानती हूँ." बाहेर दाराला लाथा बसत होत्या. समोरच्या घरच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. ते वीस मिनिटांत आले.

पण त्या वीस मिनिटांच्या आतच आमच्या स्ट्रिंगरची व्हिज्युअल्स माझ्या स्क्रीनवर येऊन पडली होती. रस्त्यावर विखुरलेली स्टीलची पातेली, उलटी पडलेली टोपली, त्यातून बाहेर आलेली आमच्या घराघरांतल्यासारखीच जुनी पातळं. एका डब्याचं झाकण पायाखाली येऊन चेमटलं होतं. आणि तिचा चेहरा, अगदी जवळून. पोराने दोन्ही हातांनी तिची मान आवळून धरलेली. मागून भैयांचा आवाज: "ब्रेकिंग में डाल. महिला पकड़ी गई, क्वेश्चन मार्क."

मी म्हटलं, "नाही टाकणार." मराठीतच निघालं तोंडातून. भैयांना मराठी येत नाही, पण कळलं.

मग मी ती क्लिप शोधायला बसले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि हीच गोष्ट मला अजून छळते. तो व्हिडिओ इंदूरचा नव्हता, भारतातलाही नव्हता. मुलांच्या सुरक्षेसाठी कराचीत बनवलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवाले वळून परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि हातात फलक धरतात: कराचीच्या रस्त्यावरून मूल उचलायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा. कुणीतरी नेमकं तेवढंच कापलं होतं. सावधगिरी शिकवणारी फिल्म शेवटचे काही सेकंद काढून टाकल्याने टोळीचा पुरावा होऊन बसली होती. हे उघड करणाऱ्या बातम्याही तेव्हा नेटवर होत्या.

मी भैयांना पूर्ण फिल्म दाखवली. ते गप्प झाले. केबल टीव्हीच्या नियमांत सहाव्या नियमाखाली प्रोग्राम कोड, म्हणजे काय दाखवू नये याची संहिता आहे. खोट्या, सूचक आणि अर्धसत्य मजकुराला त्यात मनाई आहे. आम्ही टाकलेलं प्रश्नचिन्ह म्हणजे हुबेहूब तेच होतं: सुचवायचं, पण म्हणायचं नाही. भैयांनी परवानगी दिली. सात वाजता पूर्ण फिल्म फलकासह दाखवली. पट्टीवर लिहिलं: 'वीडियो कराची का है, शहर में कोई गिरोह नहीं।' बोहारणीचा चेहरा मी धुरकट केला. फक्त एक वाक्य त्यांनी लिहू दिलं नाही: हा अर्धा व्हिडिओ दिवसभर आम्हीच चालवला, हे. "अपने ही पैर पर कुल्हाड़ी क्यों मारें?" मी वाद घातला, पण ते वाक्य पट्टीवर आलं नाही.

रात्री बाबांना म्हटलं, असली चॅनेलं बंदच करायला हवीत. बाबांचं सगळं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलं. त्यांनी चष्मा काढला आणि बावला खून प्रकरण काढलं. इंदूरच्या मराठी घरांत ते अजून दबक्या आवाजात सांगतात. १२ जानेवारी १९२५ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत असलेल्या, होळकर दरबार सोडून आलेल्या नर्तकी मुमताजला पळवून न्यायचा तो डाव होता आणि धागे इथल्या दरबारापर्यंत आले. संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या लिखाणाला शिक्षा देणारा कायदा १९२२मध्येच झाला होता. तरी वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरलं आणि फेब्रुवारी १९२६मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर गादीवरून उतरले. त्यावर मूकपट निघाला तोही १९२५मध्येच.

"तुझी बंदी उद्या कुणाच्या हातात जाईल?" बाबा म्हणाले. "त्या लोकांनी नावानिशी छापलं, पुराव्यानिशी. तुम्ही कुणाचं नाव घेतलंत? कुणाचंच नाही. म्हणून तर जी समोर दिसली तिला धरलं."

मला उत्तर सुचलं नाही. चॅनेल बंद करण्याचं बोलणंही मी तिथेच सोडलं, ते आजतागायत.

१७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींच्या प्रकरणात निकाल दिला. झुंडीने कायदा हातात घेतल्यास गंभीर परिणाम होतील हे सरकारांनी रेडिओ-टीव्हीवरून सांगावं, असंही त्यात होतं. त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं जाहीर केलं.

बोहारीण महिनाभर फिरकली नाही. ऑगस्टमध्ये, पावसाने उघडीप दिली त्या एका दुपारी, आत्याने मला बोलावून घेतलं. बोहारीण ओट्यावर बसली होती, नातू शेजारी. त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेलं लॅमिनेशनचं आधार कार्ड होतं. खेळताना ते सारखं त्याच्या पोटावर आपटत होतं आणि तो ते पाठीवर टाकत होता.

आत्याने माझी ओळख करून दिली, "ही आमची भाची, टीव्हीत काम करते." मी लगेच सांगून टाकलं की ती पट्टी माझी होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी घाईघाईने म्हटलं, "पण संध्याकाळी तुमचा चेहरा झाकला होता आम्ही."

"झाकला कशापायी?" ती म्हणाली. "गल्लीगल्लीनं लोकांनी पाहिलंया मला. चोर म्हणताना उघडी, आन् चोर न्हाई म्हणताना झाकली व्हय? माझं तोंड दावा. मला बोलू द्या."

भैयांना फोन केला. ते म्हणाले, स्टोरी आता थंड झाली. मग मी माझ्याच मोबाइलवर रेकॉर्ड केलं, एक मिनिट दहा सेकंद. तिने पदर नीट केला, गाव सांगितलं, नातवाचं नाव सांगितलं, किती वर्षांपासून कुठल्या कुठल्या वस्त्यांत येते ते सांगितलं, आणि शेवटी नातवाला उचलून कॅमेऱ्यापुढे धरलं. मी त्यात एकही कट मारला नाही.

बुलेटिनमध्ये तो व्हिडिओ कधीच लागला नाही. आत्या त्या संध्याकाळी चष्मा लावून ओट्यावर बसली आणि भिशी, भजनी मंडळ, सोसायटी, शाळेच्या मैत्रिणी असे ग्रुप निवडत तो पाठवत राहिली, एका वेळी पाच.