दोरी ओढणारे आणि प्लग हुंगणारे

बोटीचं इंजिन चालू होत नाही म्हटलं की आमच्याकडे काठावरचा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो, "सरक बरं, मी ओढतो." आधीचा ओढून ओढून घामाघूम झालेला असतो, तो खांदा चोळत बाजूला बसतो, आणि नवीन आलेला बाह्या सारून असा काही झटका मारतो की जणू पहिल्याने फक्त दोरीला हातच लावला होता. मग त्याचाही दम जातो. तिसरा तयारच असतो. कोणी ऊस चघळत उभा, कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढतोय, आणि इंजिन आपलं फट्‌ करून एकदा खोकतं आणि गप्प. त्या एका खोकल्याचीच सगळी भानगड आहे, कारण तेवढ्यावर पुढचा अर्धा तास सगळ्यांना आशा राहते.

मी हे सांगतोय ते भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्याचं, चांगदेवच्या बाजूचं. तापी आणि पूर्णा तिथे भेटतात, आणि धरणाचे 41 दरवाजे बंद असले की पाणी असं पसरतं की नदी कुठली आणि तलाव कुठला ते कळत नाही. मावसभावाची केळी तिथे काठाला, आणि त्याच्याकडे एक छोटी फायबरची बोट आहे, मागे फळीला अडकवलेलं दोन एचपीचं टू-स्ट्रोक मशीन, कोकणाकडून सेकंडहँड आणलेलं. मशीनच म्हणतात सगळे. हिवाळ्यात पक्षी बघणारे लोक गळ्यात दुर्बिणी घालून येतात तेव्हा त्या बोटीला जरा भाव येतो, बाकी वर्षभर मासे आणि पलीकडच्या काठाला चक्कर.

आता समुद्र आमच्यापासून कुठच्या कुठे, तरी या मशीनबद्दल इथे प्रत्येकाला आत्मविश्वास इतका कसा, तर त्याचं कारण आहे. प्रत्येकाच्या घरी टू-स्ट्रोक कधी ना कधी नांदलंय. पाठीवरचा फवारणी पंप आहे, कोणाकडे गवत कापायचं मशीन आहे, आणि चाळिशीच्या पुढचे सगळे चेतक स्कूटरवर वाढलेले. चेतक चालू होत नसली की तिला बाजूला आडवी करायची, परत उभी करायची आणि किक मारायची, हे ज्ञान आमच्या पिढीत बाळकडूसारखं दिलंय. त्यामुळे एकाने खरंच सुचवलं की मशीन काढून आडवं करून बघू. आडवं करायला हरकत नाही एकवेळ, पण कंपनीने सांगितलेल्या बाजूनेच करावं लागतं, नाहीतर पाण्यात बुडणाऱ्या खालच्या पायातलं पाणी उलटं वर सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं आणि मग चालू न होण्याला चांगलं भक्कम कारण मिळतं.

गर्दीत एक जण मात्र दोरीला हात लावत नाही. आमच्याकडे ते एक नाना आहेत, भोई समाजातले, सगळं आयुष्य जाळ्यावर गेलेलं. ते बिडी विझवून (हे महत्त्वाचं, पेट्रोलजवळ जायच्या आधी विझवतात, बाकीचे पेटलेली घेऊनच वाकतात) शांतपणे विचारतात, "काहाले ओढून राह्यला भो? टाकीची हवा खोलली का?" टाकीच्या झाकणावर एक बारका स्क्रू असतो. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि नंतर खोलायचं राहतं. तो बंद असला की टाकीत हवा जात नाही, हवा गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. यातला वाईट प्रकार असा की कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळते त्या भागात, जेवढं पेट्रोल आधीच आहे तेवढ्यावर मशीन मस्त चालू होतं, तुम्ही काठ सोडता, आणि बरोबर मध्यावर गेल्यावर ते बंद पडतं. मग स्क्रू सैल केला की फुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज येतो. आणि दुसरं म्हणजे ती लाल क्लिप, मनगटाला बांधायच्या दोरीची. माणूस पाण्यात पडला तर मशीन आपोआप बंद व्हावं म्हणून ती असते. ती जागेवर नसेल तर अख्ख्या तालुक्याने ओढलं तरी स्पार्क येणार नाही.

हे दोन्ही बघून झालं की नाना पाना मागतात आणि स्पार्क प्लग काढतात. मला हा सगळ्यात आवडणारा भाग. ते प्लग उन्हात धरतात, फिरवून बघतात, आणि मग हुंगतात. प्लगचं टोक कोरडं ठाक असेल तर पेट्रोल वर येतच नाही, म्हणजे कॉक, नळी, फिल्टर, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) इकडे शोधा. टोक ओलं आणि पेट्रोलचा वास, तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, एकतर स्पार्क नाही किंवा चोक ओढून ओढून मशीन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. आमच्याकडे नव्वद टक्के वेळा हेच, असं मी उगाच म्हणतो, मोजलेलं नाही कोणी, पण एवढे पैलवान एकामागून एक चोक लावून ओढत असतील तर दुसरं काय होणार. त्यावर इलाज म्हणजे चोक बंद, प्लग पुसून वाळवायचा, प्लगशिवाय दोरी जरा ओढून आतली वाफ बाहेर जाऊ द्यायची आणि थांबायचं. थांबायचं म्हटलं की गर्दीला फार जड जातं. स्पार्क बघायचा तर हे सगळं सांडलेलं पुसून, वास गेल्यावरच, प्लग टोपीत बसवून त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचं आणि ओढायचं, निळी ठिणगी आली तर बरं, पिवळी मरतुकडी आली तर प्लग बदला, तो काय लाखाचा नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर मात्र प्लगवर बारीक थेंब होते आणि त्यांना पेट्रोलचा वासच नव्हता. पाणी. पेट्रोल कॅनमध्ये तीन-चार महिने तसंच पडलेलं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळे बसतात, आणि मशीनची नळी तळातूनच ओढते. वरून टू-टीचं, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल आपण पेट्रोलमध्ये मिसळलेलं, लिटरला 20 मिली या मशीनला, ते राहतं वरच्या थरात. म्हणजे खालून जे जातं त्यात धड पेट्रोल नाही आणि ऑइल तर नाहीच. काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं तर दोन थर सरळ दिसतात. तरी एक जण म्हणालाच, "टाकून कशाला देतो, फवारणी पंपात चालून जाईल." नाही चालत. त्या पंपाचंही पोट तेच आहे.

बोटीच्या मागे अडकवायचं हे असलं मशीन ज्याने बाजारात रुळवलं तो ओले एविनरूड, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा, 1909 साली. गोष्ट अशी सांगतात की उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेले असताना होणाऱ्या बायकोला आइस्क्रीम हवं झालं, हा वल्ही मारत आणायला गेला आणि येईपर्यंत ते वितळलं. भुसावळच्या मे महिन्यात हा गडी असता तर वल्ही मारायच्या आधीच त्याने नाद सोडला असता आणि आपण सगळे आजही बांबूने नाव ढकलत असतो.

तर ताजं पेट्रोल, नवीन प्लग, कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू काढून वाटीतला गाळ सोडून दिला, आणि नानांनी मावसभावाला सांगितलं, आता ओढ, पण सावकाश, आधी दोरी कुठे अडते ते बघ आणि मग झटका. चालू झालं. धूर, टाळ्या, व्हिडिओवाल्याने नेमकं तेव्हाच शूटिंग थांबवलेलं. सगळे आपापल्या ओढण्याचं श्रेय मोजायला लागले, मीच सैल करून दिलं होतं वगैरे, आणि नाना ओरडतायत, "पाणी फेकते का पाह्य आधी!"

फेकत नव्हतं. चालू मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार यायला पाहिजे, ती आली तरच आतला पंप थंडाव्याचं पाणी फिरवतोय. हतनूरच्या फुगवट्यात गाळ प्रचंड, आणि त्या पंपातला रबरी पंखा गाळ खाऊन खाऊन झिजतो, शिवाय काठाजवळची शेवाळ खालच्या जाळीत अडकते. लगेच बंद केलं, नाहीतर तापून पिस्टन सिलिंडरला चिकटला असता. जाळी साफ केली तरी धार नाही. पंखा जळगावात चार दुकानं फिरून मिळाला नाही, एका ठिकाणी तर मिक्सरचं रबर दाखवलं. शेवटी मुंबईहून कुरियरने मागवला आणि तोपर्यंत मावसभाऊ वल्ही मारतोय. दोरी ओढायला आलेल्यांपैकी एकाने अजून वल्ह्याला हात लावलेला नाही.